किल्लेदारणीचा बोगदा

टिटवीला मी खरं सांगणारच होते. हंगाम संपायला एकोणीस दिवस उरले होते. शेवटची बोट किनाऱ्याला लागली की त्याच संध्याकाळी तिला टाक्यापाशी न्यायचं, झाकण उघडायचं आणि सगळं सांगून टाकायचं, हे ठरलेलं होतं. आमच्याकडे ते तसंच करतात. मलाही माझ्या सासऱ्यांनी तसंच सांगितलं होतं आणि मी हसून हसून लोळले होते.

टिटवी म्हणजे माझी मुलगी. पाळण्यात होती तेव्हापासून तिचा आवाज लाटांच्या वर ऐकू यायचा, म्हणून आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिला हे नाव चिकटवलं. एकोणीस वर्षांची झाली, उंचीने मला मागे टाकलं, तरी नाव काही सुटलं नाही. यंदा तिने गळ्यात गाइडचा बिल्ला घातला. आमच्या घरात हा बिल्ला तीन पिढ्या फिरतोय. आधी आप्पा, मग माझा नवरा आणि मी, आणि सहा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर एकटी मी. धाकटा दीर बोट चालवतो. समुद्र, किल्ला आणि बडबड, एवढ्यावर आमचं घर उभं आहे.

आता आधी आमची जागा समजून घ्या. हे एक भूशिर आहे. वर काळा, कठीण दगड आणि त्याच्या पोटाखाली लाल, मऊ दगडाचा पट्टा. समुद्र हजारो वर्षं तो लाल पट्टा कुरतडत बसलाय. म्हणून इथे कमानी आहेत, सुळके आहेत, गुहा आहेत, आणि म्हणूनच लोक कॅमेरे घेऊन येतात. एका बाजूला पांढऱ्या वाळूचा उपसागर, दुसऱ्या बाजूला दीपगृह, आणि मधोमध डोक्यावर किल्ला. खाली एकेकाळी मोठं बंदर होतं, ते गाळाने भरलं. ते भरलं तशी मोठी माणसं निघून गेली आणि आमच्यासारखी बोलघेवडी तेवढी मागे राहिली.

किल्ल्याचा खरा इतिहास अगदी फुसका आहे. मिठाच्या जहाजांवर नजर ठेवायला तो बांधला. एकदाच वेढा पडला, तो अकरा दिवस टिकला. बाराव्या दिवशी किल्लेदाराने टाक्यातलं पाणी चाखलं तर ते खारट. टाक्याच्या तळाला एक फट आहे, थेट खालच्या गुहेपर्यंत जाणारी. समुद्र खवळला की तिच्यातून तुषार वर येतात. किल्लेदाराने मुकाट्याने किल्ल्या दिल्या आणि तेरा माणसं, दोन शेळ्या घेऊन चालता झाला. तोफ एकही उडाली नाही. हे ऐकायला कोण तिकीट काढून येईल, सांगा?

म्हणून आप्पांनी तरुणपणी किल्लेदारीण निर्माण केली. वेढा पडलाय, पाणी संपलंय, नवरा किल्ला लढवतोय आणि ती तान्ह्या मुलाला पाठीशी बांधून टाक्यातल्या बोगद्याने खाली गुहेत उतरते. फटीवर आप्पांनी जाड लोखंडी झाकण बसवून घेतलं आणि त्याला कुलूप लावलं. या झाकणाखाली बोगदा सुरू होतो, असं सांगायचं. वारा असला की झाकणाच्या भोकातून शिट्टी वाजते. तो किल्लेदारणीचा श्वास. लोकांच्या अंगावर काटा येतो म्हणजे काय! लहान मुलं आईच्या मागे दडतात.

आणि आप्पांचा नियम असा, की नवीन गाइडला पहिला हंगाम खरं सांगायचं नाही. "ज्याला खोटं माहीत असतं तो डोळे मिचकावतो," ते म्हणायचे. "आणि पाहुण्याला मिचकावलेला डोळा लगेच दिसतो. एक हंगाम मनापासून सांगू दे. जिभेला वळण लागलं की मग झाकण उघडा." माझ्या पहिल्या हंगामाच्या शेवटी त्यांनी झाकण उघडलं, मी टॉर्च घेऊन वाकून पाहिलं, तर हाताचा पंजा जाईल न जाईल एवढी फट! मी आप्पांना म्हटलं, "किल्लेदारीण बरीच बारीक असणार." घर आठ दिवस त्यावर हसत होतं.

टिटवीवरही आम्ही तेच केलं. तीही तसंच हसेल असं वाटत होतं. दुसरं काही होऊ शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढी वर्षं समुद्राकाठी काढून माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, कोण जाणे.

त्या दिवशी ओहोटी सकाळी आठला होती. खूप ओहोटी असली की गुहेच्या तोंडाशी गोट्यांची एक पट्टी उघडी पडते आणि पाऊण तास तिथे उतरता येतं. साठीच्या दोन बहिणी आल्या होत्या, त्यांना तिथे पाय ठेवायचाच होता. टिटवी त्यांना घेऊन दिराच्या बोटीतून गेली. मी वर किल्ल्यात चाळीस जणांचा ग्रुप फिरवत होते. पावणेदहाला दीर दरवाजातून धावत आला. डोक्यापासून पायापर्यंत ओला, कोपरातून रक्त वाहत होतं.

"वहिनी, टिटवी आत गेली."

"आत म्हणजे कुठे?"

"गुहेत. त्या दोघींना घेऊन."

त्याने धापा टाकत सांगितलं ते असं. त्यांना उतरवून तो बोट घेऊन थोडा मागे थांबला होता. बघता बघता लांबून मोठ्या लाटा यायला लागल्या. कुठेतरी खोल समुद्रात वादळ असलं की इथे ऊन असतानाही तसं होतं. तीनदा त्याने बोट आत घालायचा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा बोट खडकावर आपटली आणि बाजू फुटली. मग त्याने हातवारे करून टिटवीला सांगितलं, की बाहेरच्या खडकाच्या उंच पाटावर चढा आणि बसून राहा. तो पाट भरतीतही बुडत नाही. टिटवीने हात हलवला. आधी गुहेकडे बोट दाखवलं, मग वर किल्ल्याकडे. आणि दोघींचे हात धरून ती आत शिरली.

"मी ओरडलो, वहिनी. नको, नको म्हणून घसा फोडला. त्या आवाजात कोण ऐकतंय? हसत होती हो ती. हाताने खुणावत होती, काळजी करू नका, काका."

माझ्या मागे चाळीस माणसं उभी होती. त्यांतल्या टोपीवाल्या एकाने विचारलं, "मॅडम, पुढचा पॉइंट कुठला?" मी त्याच्याकडे काय नजरेने पाहिलं असेल ते असेल, तो दोन पावलं मागे सरला.

वीस मिनिटांत बचाव पथक आलं. त्यांचा प्रमुख जाडजूड मानेचा, हळू बोलणारा माणूस होता. त्याने तटावरून दुर्बिणीने खाली पाहिलं, आपल्या माणसांशी दोन वाक्यं बोलला आणि माझ्याकडे आला.

"बाहेरच्या पाटावर थांबल्या असत्या तर इथूनच दोर सोडून वर घेतलं असतं. आत का गेल्या?"

दीर जमिनीकडे बघायला लागला. मला बोलावं लागलं.

"तिला वाटतं, आतून वर यायला बोगदा आहे."

"आणि नाही?"

"नाही."

"मग तिला कुणी सांगितलं, आहे म्हणून?"

"आम्ही," मी म्हटलं.

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने घड्याळ पाहिलं. "साडेअकरापर्यंत गुहेचं तोंड बंद होईल. भरती सव्वादोनला. या लाटांत मी आत माणसं घातली तर मग त्यांनाही शोधायला जावं लागेल. पाच वाजता पाणी उतरलं की आत जाऊ. तोवर त्यांना टिकायचंय. ताई, मला एवढंच सांगा. आत भरतीच्या वर अशी एखादी कोरडी जागा आहे का?"

इतकी वर्षं मी त्या गुहेबद्दल रोज तीनदा बोलते आहे. तिथे आत काय आहे हे मला माहीत नव्हतं. बोट कधी आत जात नाही. आम्ही लांबूनच दाखवतो. आत जाऊन आलेला माणूस आमच्या माहितीत एकच होता, आणि तो म्हणजे आप्पा. तेही पंचेचाळीस वर्षांपूर्वी.

आप्पांच्या गोष्टीत आत एक ओटा होता, हे मला अंधुक आठवत होतं. किल्लेदारीण त्या ओट्यावर बसते, असं काहीतरी. पण मी ते दुसऱ्याच हंगामात काढून टाकलं होतं. पाहुण्यांना बसून राहणारी बाई आवडत नाही. त्यांना पळणारी बाई लागते. शिवाय तो ओटा बोटीतून दिसतही नव्हता. गुहेच्या तोंडातून पाहिलं की उजवीकडे एक काळं भोक मात्र झकास दिसतं, फोटोत तर फारच छान येतं. आप्पांच्या गोष्टीत बोगदा खाली नेमका कुठे उतरतो ते धड नव्हतंच. मी त्याला पत्ता दिला. उजवीकडचं भोक, हाच किल्लेदारणीचा बोगदा. माहितीपत्रकात तेच छापलं गेलं. टिटवीलाही मी तेच पाठ करून घेतलं, चुकली की कान उपटून.

ओटा खरा होता का? कुठल्या बाजूला? की तोही आप्पांनी रचलेला? मी घराकडे धावले.

घर किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. आप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, चेहरा समुद्राकडे. चार वर्षं झाली त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस पुसून चाललंय. मला ते कधी सून म्हणतात, कधी बाई, कधी कुठून आलात विचारतात. मुलगा गेल्याचं त्यांना दरवेळी नव्याने कळायचं, म्हणून आम्ही सांगणंच सोडलं. राहिली आहे ती फक्त गोष्ट. ती एकाही शब्दाने हललेली नाही.

मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले. "आप्पा, गुहेत ओटा आहे ना? कुठल्या हाताला? आप्पा, टिटवी आत अडकलीये."

"कोण?"

"टिटवी! तुमची नात! ओटा कुठे आहे, सांगा!"

ते घाबरले. मी ओरडले की त्यांचं सगळंच बंद पडतं, हे मला ठाऊक होतं, तरी मी ओरडले होते. मी स्वतःला आवरलं, पदराने तोंड पुसलं आणि पाहुण्याच्या आवाजात विचारलं, "आम्हाला किल्ला दाखवता का, काका?"

त्यांचा चेहरा उजळला. पाठ ताठ झाली. "मंडळी," ते म्हणाले, "आधी पायाखाली बघा, मग माझ्याकडे बघा. पाय घसरला तर माझी गोष्ट अर्धीच राहील."

भिंतीवर घड्याळ. दहा सत्तेचाळीस.

त्यांनी दरवाजापासून सुरुवात केली. बिजागऱ्या, तोफांचे झरोके, मिठाची कोठारं. मी मध्येच म्हटलं, "काका, गुहेचं सांगा ना." ते थांबले, गोंधळले, इकडेतिकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मंडळी, आधी पायाखाली बघा, मग माझ्याकडे बघा."

पुन्हा दरवाजा. पुन्हा बिजागऱ्या. मी माझ्या हाताला चावा घेतला. दहा त्रेपन्न. या माणसाला मध्ये तोडायचं नाही, त्याला दरवाजापासून गुहेपर्यंत त्याच्याच चालीने चालू द्यायचं, दुसरा मार्गच नव्हता. दीपगृह किती फूट उंच आहे. बंदर कुठल्या साली गाळाने भरलं. समुद्र लाल दगड कसा खातो. मी एकेक शब्दाला मान डोलावत होते आणि डोळ्यांसमोर गुहेच्या तोंडाशी पाणी चढत होतं. आयुष्यात मी कुणाचा एवढा राग केला नसेल जेवढा मी त्या पंधरा मिनिटांत त्या म्हाताऱ्याचा केला. आणि त्याच्याशिवाय मला कुणीच नव्हतं.

शेवटी किल्लेदार बायकोला टाक्यापाशी घेऊन आला.

"किल्लेदार म्हणाला, आधी तू जा," आप्पा म्हणाले. "तशी ती म्हणते कशी, अहो, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मला पुढे जाऊ देताय!"

आणि ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले.

मला कळेना काय झालं. मग लक्षात आलं. इथे पाहुणे हसतात. गेली चाळीस वर्षं इथे पाहुणे हसत आलेत आणि हसू संपेपर्यंत आप्पा थांबत आलेत. हसल्याशिवाय पुढचं वाक्य येणार नव्हतं.

मी हसले. पहिलं हसू घशातच अडकलं, रडण्यासारखा आवाज आला. आप्पांच्या कपाळावर आठी पडली. मी पुन्हा हसले, मोठ्याने, हात गुडघ्यावर आपटून, आमच्याकडे येणारे लठ्ठ आनंदी पाहुणे हसतात तशी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आप्पा खूश झाले. त्यांनी हात वर करून मला शांत केलं.

"ती खाली गुहेत उतरली," ते म्हणाले. "समुद्र असा खवळलेला, की होडी आत येईना. मग तिने काय केलं? डाव्या हाताने भिंत धरली, मंडळी, डाव्या. आणि मोजून चाळीस पावलं आत गेली. तिथे माणसाच्या छातीएवढा उंच ओटा आहे. वर वटवाघळं लटकतात. जिथे वटवाघूळ तिथे पाणी नाही. त्या ओट्यावर ती मुलाला घेऊन बसली." त्यांनी आवाज खाली आणला. "खोटं वाटतंय? मी स्वतः बसलोय तिथे. एका भरतीभर. पाणी माझ्या पायाच्या अंगठ्याला लागलं आणि परत गेलं."

हे शेवटचं मी विसरूनच गेले होते. गोष्टीत आप्पांचं काय काम, म्हणून मीच ते पहिल्यांदा कापलं होतं. सगळ्या गोष्टीत तेवढं एकच खरं होतं.

मी उठून पळाले. मागून त्यांचा आवाज येत होता. त्यांना कळलंही नाही की पाहुणे निघून गेले.

डावीकडे. चाळीस पावलं. पण टिटवीला मी उजवीकडे शिकवलं होतं. चढ चढताना माझ्या छातीत दुसरं काही नव्हतं. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे. तटावर प्रमुखाला सांगितलं तर तो म्हणाला, "ओटा आहे हे चांगलंच झालं. पण तिला कळवणार कसं?" मी कमरेची किल्ली काढली आणि टाक्यात उतरले.

झाकण दिराने आणि मी मिळून उचललं. खालून गार, खारा वारा तोंडावर आला. मी पालथी पडले, तोंड फटीला लावलं आणि ओरडले.

"टिटवी! डावीकडे जा! डावीकडे! चाळीस पावलं! ओटा आहे! बोगदा नाही! बोगदा नाहीच आहे! गोष्ट खोटी आहे, बाळा, सगळी खोटी आहे!"

टाक्याच्या काठावर माझा ग्रुप अजून उभा होता. एक बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, "म्हणजे किल्लेदारीण खोटी?" नवरा म्हणाला, "तू गप बस."

साडेअकरा वाजून गेले होते. मी ओरडत राहिले. थकले की दीर ओरडायचा, पण पुरुषाचा आवाज खाली जातच नाही असं मला वाटायचं, मी त्याला ढकलून पुन्हा तोंड लावायचे. तिचं नाव, डावीकडे, बोगदा नाही. कान लावला की खालून फक्त घरघर यायची. एकदा, फक्त एकदाच, मला वाटलं की कुणीतरी उत्तर दिलं. माझा जीव एवढा मोठा झाला. मी अजून जोरात ओरडायला लागले.

एक वाजता माझा आवाज पार बसला. दोनच्या सुमाराला फटीतून तुषार वर आले आणि माझ्या तोंडावर उडाले. टाक्याचा तळ ओला झाला. मी ओठ चाटले, खारट. किल्लेदाराने जे चाखलं तेच. त्याला निदान किल्ल्या कुणाच्या हातात द्यायच्या ते माहीत होतं.

पाच वाजता लाटा नरमल्या आणि पथकाची रबरी बोट आत गेली. आम्ही खाली वाळूवर उभे होतो. दिराने माझा दंड घट्ट धरला होता. अर्ध्या तासाने बोट बाहेर आली. मी मोजलं. पथकाची चार माणसं आणि चांदीच्या रंगाच्या पांघरुणात गुंडाळलेले दोन आकार. मी पुन्हा मोजलं.

त्या दोघी बहिणी होत्या. जिवंत, धडधाकट, फक्त थंडीने काळ्यानिळ्या पडलेल्या. धाकटीच्या मांडीवर तिसरं लाइफ जॅकेट होतं. थोरली बोटीतून उतरली, तिने गर्दीत नजर फिरवली आणि थेट माझ्यापाशी आली. टिटवीचं नाक माझ्यावर गेलंय, त्यावरून तिने ओळखलं असणार.

"तुम्हीच ना तिची आई?" तिने माझे दोन्ही हात धरले. ती हसत होती, रडत होती. "काय मुलगी आहे हो तुमची! पोहोचली ना ती तुमच्यापर्यंत?"

मी तिचे हात सोडले नाहीत. तिला वाटलं, मला ऐकायचंय. ती सांगत सुटली.

टिटवीने त्यांना आत नेल्यावर क्षणभर विचार केला होता. म्हणाली होती, माझी आई उजवीकडे म्हणते, पण आजोबा आधी डावीकडे ओटा सांगायचे, लहानपणी त्यांच्या मांडीवर मी तेच ऐकलंय, आणि आत फक्त आजोबाच आलेले आहेत. आधी ओट्यावर बसू. डाव्या हाताने भिंत धरून तिने चाळीस पावलं मोठ्याने मोजली होती. अंधारात त्या दोघी घाबरू नयेत म्हणून तिने त्यांना सगळी गोष्ट सांगितली. किल्लेदारणीच्या वाक्यावर त्या तिथेही हसल्या होत्या.

"आणि मग वरून आवाज आला," थोरली म्हणाली. "बाईचा. शब्द काही कळेनात, पण आवाज येत होता, समोरच्या उजव्या भोकातून. ही ताडकन उठली. म्हणाली, ही माझी आई. ती बोगद्याच्या तोंडाशी आहे, म्हणजे झाकण उघडलंय. मी वर जाऊन तिला तुमची जागा सांगते. तुम्ही इथेच बसा, हलू नका. मी म्हटलं, पाणी छातीपर्यंत आलंय, नको जाऊस. तर म्हणाली, पाच मिनिटं लागतील. जॅकेट घालून भोकात शिरता येत नव्हतं, म्हणून ते आमच्याकडे ठेवून गेली." ती थांबली. माझ्या चेहऱ्याकडे, मग दिराच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पोहोचली ना?"

ती ओट्यावर होती. मी ओरडायला लागले तेव्हा माझी मुलगी ओट्यावर बसली होती, कोरडी, आप्पा बसले होते तिथेच. पाणी तिच्या अंगठ्याला लागून परत गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी पाणबुड्यांनी तिला बाहेर काढलं. उजव्या भोकाच्या अगदी टोकाशी होती, जिथून पुढे फक्त फट आहे.

झाकण आता कायमचं बंद केलं आहे. बिल्ला मी परत केला. दीर म्हणतो, वहिनी, चूक माझी, मी तिला तिथे उतरवलं. प्रमुख एकदा घरी येऊन म्हणाला, तुम्ही ओरडला नसता तर स्वतःला क्षमा केली नसती. मी त्यांचं ऐकून घेते. एवढी वर्षं बोलून झालं, आता ऐकायला हरकत नाही.

दुपारी आप्पांसमोर बसते. ते विचारतात, "टिटवी कुठे?" मी सांगते, "पाहुण्यांबरोबर गेलीये." मग ते ताठ बसतात आणि सुरू करतात. मंडळी, आधी पायाखाली बघा. दरवाजा, बिजागऱ्या, दीपगृह, लाल दगड. किल्लेदारणीच्या वाक्यापाशी ते थांबतात आणि मी हसते. डाव्या हाताने भिंत, चाळीस पावलं, ओटा. पाणी वर येतं आणि परत जातं. उजाडल्यावर होडी आत येते आणि ती मुलाला घेऊन सुखरूप घरी पोहोचते. तिथवर मी श्वास रोखून बसते आणि मध्ये एक शब्द बोलत नाही. बोलले तर ते पहिल्यापासून सुरू करतात, आणि ती पुन्हा खाली उतरते.